तलावाची पाळ व तिचे धनी

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत काय असावें, याचा एक रिवाज पडून गेला आहे. आरंभीं महागुरुस्वामींचा आशीर्वाद, मग आजवर होऊन गेलेल्या धर्मगुरूंची नामावळी, ख्रिस्तमंदिराच्या पायाभरणीची हकीकत, शाळेची वाढ, देणगीदारांची यादी. हें सर्व याच पुस्तिकेंत अन्यत्र आलेंच आहे, व तें येणें योग्यच होय. आमच्या वांट्यास मात्र "या परिसराचा पूर्वेतिहास" असा मोघम विषय आला. आणि त्याचा विचार करितां करितां आमची दृष्टि वारंवार एकाच जागीं जाऊन थांबूं लागली. ती जागा म्हणजे शाळेच्या मागें असलेली तलावाची मातीची पाळ.

ख्रिस्तमंदिराच्या पुस्तिकेंत तलाव कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, मिशनची विहीर त्या पाळीच्या खालच्या अंगास खणलेली आहे. मातीच्या पाळीमागें सांठलेलें पाणी हळूहळू जमिनींत झिरपतें, आणि म्हणूनच तलावाखालच्या विहिरी वैशाखांतहि एकाएकीं आटत नाहींत. विहीर खणणाऱ्यांनीं ही गोष्ट गांवकऱ्यांस विचारून घेतली असली पाहिजे. तेव्हां आपणांपैकीं ज्यांचा बाप्तिस्मा येथें झाला, त्या सर्वांच्या मस्तकावर पडलेलें पाणी या तलावाचेंच होय. ज्या पाण्यानें आपला ख्रिस्तसभेंत प्रवेश झाला, तें कोणीं अडविलें व कोणीं राखलें, हें ठाऊक असूं नये, ही गोष्ट आम्हांस बरी वाटत नाहीं.

आपल्या मुलुखास पूर्वीं चांदा जिल्हा म्हणत. १९६४ सालीं त्याचें नांव चंद्रपूर झालें, आणि १९८२ च्या ऑगस्टांत पूर्वेकडील भाग तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा करण्यांत आला. वरोरा, राजुरा या पश्चिमेच्या बाजूस काळी जमीन, तेथें कापूस व ज्वारी. परंतु ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडे वडसा, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी हा सगळा पट्टा धानाचा. पाऊस येथें कमी पडतो असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. वर्षास पन्नास इंच किंवा त्याहूनहि अधिक पडतो. पण धानाचें पीक हें हट्टी पीक आहे. त्यास पाणी केवळ पुष्कळ असून भागत नाहीं, तें वेळेवर असावें लागतें. रोवणीच्या वेळीं बांधी भरलेली पाहिजे, आणि दाणा भरतांना तर पाहिजेच पाहिजे. हलकें धान लवकर निघतें. भारी धानास मात्र हस्ताचा पाऊस लागतो, आणि हस्त हें नक्षत्र किती लहरी आहे हें येथील कोणाहि शेतकऱ्यास सांगणें नको. श्रावणांत नदीनाले दुथडी भरून वाहून गेले आणि आश्विनांत उभें धान वाळलें, असें या भागांत अनेकदां घडलें आहे. श्रावणांतलें पाणी आश्विनापर्यंत धरून ठेवणें, एवढ्या एकाच कामासाठीं आपले तलाव जन्मास आले.

ही युक्ति कोणाची? येथें आपणांस गोंड राजांकडे वळावें लागतें. चांद्याच्या गोंड घराण्याचा जो वृत्तांत मेजर लुसी स्मिथ या जमाबंदी-अधिकाऱ्यानें १८६९ सालच्या आपल्या अहवालांत नोंदविला, तो बहुतांशीं परंपरेनें चालत आलेल्या माहितीवरून लिहिलेला आहे. त्या परंपरेप्रमाणें चांदा नगर वसविणारा राजा खांडक्या बल्लाळशहा, व त्याच्यामागून गादीवर आलेला हीरशहा. हीरशहानें अशी द्वाही फिरविली कीं, जो जंगल तोडून जमीन वहितीस आणील त्यास ती जमीन मिळेल. आणि जो तलाव बांधील त्यास त्या तलावाच्या पाण्याखालीं भिजेल तेवढी जमीन मिळेल. या दुसऱ्या वाक्यांत किती शहाणपण आहे पाहा! राजानें तलावाच्या आकाराप्रमाणें बक्षीस ठेविलें नाहीं, पाळीच्या लांबीप्रमाणें ठेविलें नाहीं. पाणी जेथवर पोंचेल तेथवर तुझें, असें म्हटलें. मग बांधणारा पाळ ओबडधोबड बांधून कसा मोकळा होईल? पाळ फुटली कीं त्याची इनामाची जमीनच कोरडी.

या कामांत ज्यांचें नांव सर्वांत पुढें येतें ते कोहळी लोक. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत कोहळ्यांची अशी दंतकथा दिली आहे कीं, चांद्याचा एक गोंड राजा काशीस गेला असतां त्यानें यांचें तलाव बांधण्याचें कसब पाहिलें, आणि त्यांस आपल्या मुलुखांत आणून वसविलें. दंतकथा खरी असो वा नसो, भंडाऱ्यापासून चांद्यापर्यंत कोहळ्यांचा हात लागलेले तलाव आजहि उभे आहेत. ते तलाव बांधीत आणि त्याच्या पाण्यावर ऊस लावीत. परंतु सर्वच तलाव त्यांचे, असें मात्र कोणीं समजूं नये. गोंड, कुणबी, धीवर, महार, सर्वांच्या डोक्यावरून त्या मातीच्या टोपल्या गेल्या आहेत. पुष्कळदां तलावास नांव एकाचें असतें आणि माती शंभरांची.

पाळ बांधणें म्हणजे नुसता मातीचा ढीग घालणें नव्हे. प्रथम जागा हेरावी लागे. दोन टेकाडांमधील खोलगट, जीवर जंगलाचें पाणी उतरून येतें, पण जिच्यांतून मोठी नदी जात नाहीं, अशी जागा उत्तम. तेथें पाळीच्या पायाची सुटी माती काढून घट्ट जमीन लागेपर्यंत चर खणीत. चिकण माती मध्यें, मुरुमाड माती बाहेर. प्रत्येक थर पातळ पसरून माणसांच्या व जनावरांच्या पायांखालीं तुडविला जाई. पाण्याच्या अंगास दगड लावीत, म्हणजे लाटांनीं माती खचत नाहीं. बाहेरच्या उतारावर गवत वाढूं देत.

पण या सर्वांहून अवघड काम म्हणजे सलंग, म्हणजे जादा पाणी वाहून जाण्याची वाट. मातीच्या पाळीचे वैरी मुख्यतः दोन. एक, पाणी डोक्यावरून जाणें. कारण दगडी धरणावरून पाणी गेलें तर धरण टिकूं शकतें, मातीच्या पाळीवरून गेलें तर ती कांहीं तासांत कापली जाते. दुसरा वैरी, भोंक. खेकड्यानें किंवा उंदरानें केलेलें बोटाएवढें भोंक पाळीच्या आरपार झालें कीं पाणी त्यांतून माती घेऊन निघतें, भोंक हाताएवढें होतें, मग माणूस जाईल एवढें, आणि मग पाळच जाते. पहिल्या वैऱ्यासाठीं सलंग. ती शक्यतों पाळीच्या टोकास, जेथें मूळचा खडक असेल तेथें काढीत. दुसऱ्या वैऱ्यासाठीं मात्र कोणतेंहि बांधकाम उपयोगीं पडत नाहीं. त्यास माणसाचा डोळा लागतो. आषाढाच्या रात्रीं कंदील घेऊन पाळीवरून फिरणारा माणूस हाच त्यावरचा उपाय, आणि हें आम्ही पुढें सांगणार आहों त्या गोष्टीचें मर्म आहे.

पाणी सोडण्याच्या दाराला आपल्याकडे तुडूम म्हणतात. पाळीच्या आंतल्या अंगास एकाखालीं एक अशीं भोकें, प्रत्येकास लांकडी गुडदी. तलाव भरलेला असतां वरची गुडदी काढावयाची. पाणी जसजसें उतरेल तसतशी खालची. यांत खुबी अशी कीं, नेहमीं वरचें पाणी निघतें व पाण्याचा दाब बेतशीर राहतो. एका तलावाचें सलंगेवरून निघालेलें पाणी खालच्या बोडींत, तिचें आणखी खालीं, अशी सांखळी उताराबरोबर चालत जाते. पावसाळ्यांत त्याच वाटेनें मासे वर चढतात, आणि सलंगेवर धीवरांचीं पोरें त्यांची वाट पाहात बसलेलीं असतात.

गोंडांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, आणि भोसल्यांचें इंग्रजांनीं शतकानंतर खालसा केलें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदींत गांवच्या वसुलीची जबाबदारी घेणाऱ्या मालगुजारांस गांवची मालकीच देण्यांत आली. तलावहि त्यांत गेले. म्हणून आपण आज त्यांस मालगुजारी तलाव म्हणतों, आणि सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव, थोडक्यांत 'मामा तलाव'. तलाव मालगुजाराचा झाला खरा, परंतु पाणी एकट्याचें झालें नाहीं. प्रत्येक गांवची वहिवाट वाजिब-उल-अर्ज नांवाच्या कागदांत लिहून ठेविलेली असे. कोणाच्या बांधीस पाणी जावें, गुरांनीं कोठें प्यावें, पाळ दुरुस्त कोणीं करावी, ही बाब त्या वहिवाटींतली. उन्हाळ्यांत तलाव आटला म्हणजे तळांतील गाळ गाड्या भरभरून शेतांत जाई. त्यामुळें शेतास खत मिळे व तलाव खोल राही. पाळीवर माती टाकण्यास घरटी माणूस येई.

मालगुजारांस आम्ही देवदूत समजत नाहीं. घरटी येणारा तो माणूस पुष्कळ ठिकाणीं वेठीचा माणूस होता, हें आपल्यांतील वृद्धांनीं आपल्या बापाच्या तोंडून ऐकलेलें आहे. पाणी आधीं मालगुजाराच्या खुदकास्तींत जाई आणि मग इतरांच्या. ही व्यवस्था न्यायाची होती असें म्हणवत नाहीं. पण एवढें मात्र खरें कीं, तींत पाळीची चिंता करणारा कोणीतरी होता. पाळ गेली तर सर्वांत अधिक नुकसान त्याचेंच होई.

पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भयंकर दुष्काळ लागोपाठ आले. त्यानंतर सरकारनें नेमलेल्या पाटबंधारे कमिशनानें हिंदुस्थानांतील पाण्याचा सर्व प्रश्न पाहिला, आणि आपल्या भागांत मोठे तलाव सरकारी खर्चानें बांधण्याचा काळ सुरू झाला. आसोलामेंढा १९१८ सालीं व घोडाझरी १९२३ सालीं पुरे झाले. तेहि मातीचेच. गोंड राजाच्या रयतेनें जें टोपल्यांनीं केलें तेंच इंजिनियरांनीं नकाशे काढून मोठ्या प्रमाणावर केलें. मूळ कल्पनेंत बदल करावासा त्यांस वाटला नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

आतां १९५१ सालाकडे येऊं. आदल्या वर्षीं झालेल्या मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली, आणि गांवांबरोबर तलावहि सरकारच्या मालकीचे झाले. लेवीयाच्या ग्रंथांत पन्नासाव्या वर्षाची, ज्युबिलीची आज्ञा आहे. त्या वर्षीं शिंग फुंकावें, दासांस सोडावें, आणि ज्याची जमीन गेली असेल त्यास ती परत मिळावी. मालगुजारी गेली तेव्हां पुष्कळांस तें शिंग वाजल्यासारखेंच वाटलें असेल, आणि वेठ संपली ही तर साक्षात् सुटकाच होती. परंतु तलाव परत कोणाकडे गेला? ज्यांनीं माती वाहिली त्यांच्याकडे नव्हे, तर दूरच्या कचेरीकडे. मालक बदलला आणि वहिवाट कागदांत राहिली. वेठ म्हणून पाळीवर जाणें बंद झालें तें योग्यच झालें. पण आपलें म्हणून जाणेंहि त्याबरोबरच बंद पडलें. आजे-पणजे ज्या पाळीवर माती टाकीत आले तिच्याच पाण्याची पट्टी आम्हीं कां द्यावी, असें शेतकरी विचारूं लागला; पट्टी येत नाहीं तर दुरुस्ती कशांतून करावी, असें कचेरी विचारूं लागली. दोन्ही प्रश्न आपापल्या ठिकाणीं बरोबर होते. मधल्या मध्यें पाळीवरचा कंदील विझला.

१९६२ सालीं जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या, आणि शंभर हेक्टरांच्या आंत भिजविणारे तलाव त्यांच्याकडे गेले. मोठे पाटबंधारे खात्याकडे राहिले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून असे तलाव सुमारें सात हजार आहेत. सात हजार पाळींवर रात्रीं फिरण्यास कोणत्या खात्याजवळ माणसें असणार? गाळ सांचत गेला, तळांत बेशरमीचीं झुडपें माजलीं, तलावाच्या पोटांत शेतें शिरलीं. मासेमारी ठेक्यानें धीवरांच्या सहकारी संस्थांकडे आली. परंतु बाहेरून आणलेलें बीज सोडण्याची रीत पडल्यावर पूर्वींचे मरळ-मागूर कमी झाले, अशी धीवरांची तक्रार आम्हीं स्वतः ऐकिली आहे.

दरम्यान मोठ्या धरणांचा काळ आला. १९८४ सालीं इंद्रावतीवरील भोपालपट्टणम् व गोदावरीवरील इंचमपल्ली या धरणांविरुद्ध "जंगल बचाव, मानव बचाव" अशी हांक उठली, आणि तींत बाबा आमटे व लाल श्यामशहा अग्रभागीं होते. तिकडे वैनगंगेवर गोसीखुर्दची कोनशिला १९८८ सालीं बसली. त्याचा उजवा कालवा जेथें येऊन मिळतो, तें ठिकाण जुना आसोलामेंढा तलावच होय. मोठें धरण वाईट आणि लहान तलाव चांगला, असा भाबडा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु मोठ्या कालव्याची वाट पाहाण्यांत ज्या गांवांच्या दोन पिढ्या गेल्या, त्यांनीं त्या वेळांत आपल्या पाळीकडे पाहिलें असतें तर बरें झालें असतें, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनांतील गांवांचा पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्क मान्य केला, आणि २०१७ पासून तळांतील गाळ काढून शेतांत नेण्याची सरकारी योजना निघाली. म्हणजे वाजिब-उल-अर्जांतली जुनी वहिवाट नवें नांव घेऊन परत आली. या वेळीं तीबरोबर वेठ नाहीं.

याच १९६२ सालीं, जिल्हा परिषदांच्या जन्माच्या एक महिना आधीं, रोमहून चांद्याच्या स्वतंत्र मिशनक्षेत्राची घोषणा झाली. तोंवर हा जिल्हा नागपूरच्या महाधर्मप्रांताखालीं होता. केरळांतून सी. एम. आय. संघाचे धर्मगुरू आले. त्यांतीलच मार जनुआरियुस पालाथुरुथी हे पहिले महागुरु. १९७७ सालीं चांदा पूर्ण धर्मप्रांत झाला. त्या धर्मगुरूंस येथें रान लागलें, ताप लागला, भाषा शिकावी लागली. पण पाणी त्यांस तयार मिळालें. उत्पत्तीच्या ग्रंथांत इसहाकाची गोष्ट आहे. बापानें खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनीं मातीनें बुजविल्या होत्या. इसहाकानें त्या पुन्हां उकरल्या, आणि त्यांस बापानें दिलेलींच नांवें दिलीं. आपण येथें उलटें केलें. ज्या तलावास गांव पिढ्यानपिढ्या एका नांवानें ओळखतो, त्यास आपलीं मुलें "मिशनचा तलाव" म्हणतात. त्यांत कोणाचा वाईट हेतु नाहीं. पण तलाव मिशनचा नाहीं. मिशन तलावाचें आहे.

हा लेख लिहिण्यापूर्वीं गेल्या वैशाखांत आम्हीं पाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायीं पाहिली. बरोबर धीवरांच्या मोहल्ल्यांतील एक वृद्ध गृहस्थ होते. पाळ तीन ठिकाणीं खचली आहे. सलंगेचा दगड कोणीं घरबांधणीस नेला आहे. कोणीं नेला हें आम्हांस कळलें, पण तें लिहिण्याचें कारण नाहीं, कारण तो आपलाच माणूस आहे. तुडुमाच्या दोन गुडद्या नाहींशा होऊन त्यांच्या जागीं गोणपाटाचे बोळे कोंबलेले आहेत. दुरुस्तीचे अर्ज झाले, पोंचपावत्या मिळाल्या, त्या फायलींत आहेत. पाळीवर एक मोठें झाड वाढलें आहे, आम्हीं त्याच्या सावलीचें कौतुक करूं लागलों, तों वृद्ध म्हणाले, "बाबू, झाड मेलं का मुळी सडते, अन् मुळीच्या वाटेनं पाणी निघते. पाळीवर लहानपणीच उपडाव लागते."

त्यापुढचा पावसाळा चांगला झाला, पण हस्त कोरडा गेला. तुडूम उघडलें तेव्हां तलावांत निम्मेंहि पाणी नव्हतें, कारण उरलेलें गोणपाटांतून भाद्रपदांतच वाहून गेलें होतें. पाटाच्या वरच्या अंगाच्या बांध्या भिजल्या. शेवटच्या अंगाच्या बांध्यांपर्यंत पाणी पोंचलें नाहीं. त्या शेवटच्या बांध्यांत आपल्या धर्मग्रामांतील अकरा कुटुंबांचें धान होतें.

ज्युबिलीच्या वर्षांत मंदिरापुढें नवी कमान उभारावी असा एक विचार होता, व त्यासाठीं कांहीं रक्कम जमलीहि होती. देणगीदारांची संमति घेऊन ती रक्कम सलंगेच्या दगडासाठीं व नव्या गुडद्यांसाठीं ठेवण्याचें कमिटीनें ठरविलें आहे. पास्खानंतरच्या दुसऱ्या रविवारीं मिस्सा आटोपली कीं घरटी एकानें कुदळ किंवा टोपली घेऊन पाळीवर यावयाचें आहे. दिवस धीवरांच्या मोहल्ल्यानें ठरवून दिला आहे. गोंड व कुणबी मंडळीहि येणार आहेत. माती कोणत्या बाजूची घ्यावयाची तें वृद्ध सांगतील. कोणींहि आधीं जाऊन पाळीच्या पायथ्याशीं खणूं नये.